एकदाच विचारलेला होकार: साखरपुड्यानंतरचं एक प्रकरण

हिंदमाताला बस्ता चालू होता. दुकानातल्या पांढऱ्या गादीवर दोन्हीकडच्या बायका बसलेल्या, मध्ये शालूंचा ढीग. दुकानातल्या माणसाने मोरपंखी शालू उलगडला आणि रंग कसा दिसतो ते दाखवायला पदर नवरीच्या खांद्यावर टाकू लागला. ती अशी काही मागे सरली की मागे बसलेल्या बाईंच्या हातातला चहा सांडला. "अगं, नुसता रंग बघतायत," आई म्हणाली. ती उठली, चपला शोधल्या आणि खाली रस्त्यावर जाऊन उभी राहिली. त्या संध्याकाळी स्वयंपाकघराचं दार लोटून तिने आईला सांगितलं, तीन दिवसांपूर्वी, रविवारी, काय झालं होतं.

मी मुंबईत समुपदेशनाचं काम करते. हे प्रकरण माझ्याकडे आलं ते त्या संध्याकाळनंतर आठ दिवसांनी. तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कारण बलात्काराच्या गुन्ह्यातल्या पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे, आणि तसा कायदा नसता तरी मी हेच केलं असतं. बदललं नाही ते फक्त लोकांचं बोलणं. काही तिच्याकडून ऐकलेलं, काही पुढे माझ्यासमोर झालेलं, सगळं वहीत उतरवून ठेवलं होतं. घटना तासाभराची आहे. बोलणं अजून संपलेलं नाही.

घडलं ते

मुलगी २७ वर्षांची. लालबागच्या चाळीत वाढलेली, लोअर परळला एका कंपनीत अकाउंट्स बघणारी. वडील बेस्टमधून निवृत्त. मुलगा ३० वर्षांचा, मुलुंडचा, आयटीत. स्थळ मावशीने आणलं होतं. पत्रिका जुळली, दोघं दोनदा भेटली, दसऱ्याला साखरपुडा झाला, माघातली तारीख निघाली, दादरच्या हॉलला अनामत भरून झाली. रात्री जेवणं आटोपली की दोघं फोनवर बोलत. तिला तो आवडला होता. हे तिने मला पहिल्याच भेटीत सांगितलं आणि लगेच घाबरून विचारलं, "हे बोलले तर केस कमजोर होईल का?"

मुलाने भांडुपला फ्लॅट घेतला होता, नुकताच ताबा मिळाला होता. पडद्यांची मापं घ्यायला म्हणून त्या रविवारी दोघं तिथे भेटली. दोन्ही घरांना हे माहीत होतं. निघताना आईने बजावलं होतं, किचनच्या खिडकीचं माप नीट घे, तिथे पडदा नको, ब्लाइंड लावू. तिने घरातली मेजरटेप पर्समध्ये टाकली. छोट्या वहीत ओळीने लिहून घेतलं: हॉल, बेडरूम, किचन. हॉलची रुंदी लिहून झाली. बेडरूमच्या खिडकीपाशी त्याने तिला जवळ घेतलं. तेवढ्याला तिची हरकत नव्हती. तो पुढे जाऊ लागला तेव्हा ती म्हणाली, "आत्ता नको." मग, "नको म्हणतेय ना." मग, "लग्नाआधी नको, प्लीज." तो म्हणाला, "अगं, आपलंच घर आहे." तिने त्याला एकदा ढकललं. नंतर, तिच्याच शब्दांत, "अंग लाकडासारखं झालं." ती वही मी पाहिली आहे. हॉलपुढे आकडा आहे, बेडरूम आणि किचनपुढे काही नाही.

नंतर त्याने तिला रिक्षाने स्टेशनवर सोडलं, पाण्याची बाटली घेऊन दिली, गाडी येईपर्यंत थांबला. करी रोडला जाणारी स्लो लोकल कुर्ल्याला पोचायच्या आत त्याचा मेसेज आला: "सॉरी. राहवलं नाही. रागावलीस?"

"राहवलं नाही" या शब्दांनी मला फार त्रास दिला. मराठीत भूक लागते, रडू येतं, झोप अनावर होते. ही क्रियापदं अशी आहेत की करणारा कोणी नसतो, गोष्ट माणसावर येऊन कोसळते. राहवत नाही हेही तसंच. त्या मुलाने ठरवून खोटं लिहिलं असं मला वाटत नाही. त्याला तसंच वाटलं असणार, की हे त्याने केलं नाही, त्याला झालं. पण दार त्याने लावलं होतं. तीन वेळा नको ऐकलं होतं आणि उत्तरही दिलं होतं. ऐकून उत्तर देणारा माणूस भानावर असतो.

घरातले आठ दिवस

आईचं पहिलं वाक्य: "कुणाला बोलू नकोस." दुसरं: "तू एकटी गेलीसच कशाला?" ब्लाइंडचं माप सांगून जिने पाठवलं तीच आई. ती खोटारडी नाही. भीतीने तिच्या मनातून ती सकाळच पुसून टाकली होती. लेकीच्या आधी स्वतःचा बचाव करायची वेळ बायकांवर येते, कारण मुलीचं काही झालं की पहिला जाब आईलाच विचारला जातो: लक्ष कुठे होतं?

स्थळ आणणारी मावशी म्हणाली, "मुलगा निर्व्यसनी आहे गं." लग्नाच्या बायोडेटातला हा शब्द. दारू नाही, सिगरेट नाही, म्हणजे मुलगा चांगला. आत्या म्हणाली, "दोन महिन्यांनी त्याचीच होणार आहेस. एवढं काय धरून बसायचं?" भाऊ म्हणाला, "हातपाय तोडतो त्याचे." घरात त्याला सगळ्यांनी आवरलं आणि त्याचं कौतुकही झालं. पण तिला सगळ्यात जास्त भीती भावाच्या त्या वाक्याची वाटली. आता भाऊ आत जाईल आणि तेही माझ्यामुळे झालं असं होईल. तिला काय हवंय हे भावानेही विचारलं नव्हतं. वडील तीन दिवस बोललेच नाहीत. चौथ्या दिवशी म्हणाले, "लग्न मोडलं तर लोकांना कारण काय सांगायचं?"

आणि काका. काकांनी तोडगा काढला: "तारीख अलीकडे घेऊ. पौष लागायच्या आत, मार्गशीर्षातच उरकून टाकू."

काकांविषयी थोडं सविस्तर सांगायला हवं. २२ ऑगस्ट २०१३ ला महालक्ष्मीच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात एका तरुण छायाचित्रकार पत्रकारावर सामूहिक बलात्कार झाला. लालबागपासून ती जागा किती लांब? सारा गिरणगाव हादरला होता. तेव्हा काका मेणबत्ती घेऊन रस्त्यावर उतरलेले, भर चौकात फाशीची मागणी करणारे. ही तेव्हा शाळेत होती आणि त्यांच्याबरोबर मोर्चात चालली होती. तेच काका आता उरकून टाकू म्हणत होते. मी त्यांच्याशी बोलले आहे. ते दुटप्पी नाहीत. त्यांच्या लेखी या दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी आहेत. बलात्कार म्हणजे पडकी गिरणी, अंधार, अनोळखी टोळी. पत्रिका बघून आणलेला, पाया पडणारा, सोसायटीच्या गणपतीचा हिशोब ठेवणारा मुलगा त्यात बसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल मात्र वर्षानुवर्षं एकच सांगतात: नोंदवलेल्या बलात्कारांच्या गुन्ह्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा आरोपी ओळखीचाच असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, लग्न ठरलेला किंवा लग्नाचं वचन दिलेला. आपण मेणबत्त्या लावतो त्या उरलेल्या थोड्यांसाठी.

त्या आठ दिवसांत घरात तिला विचारलेले २३ प्रश्न माझ्या वहीत आहेत. काय घातलं होतंस, फोन का नाही केलास, ओरडली का नाहीस, आधी कधी जवळ आला होता का, तू काही बोलली होतीस का ज्यामुळे त्याला वाटलं. मुलाला याच काळात किती प्रश्न विचारले? एकही नाही. कुणी त्याला फोनसुद्धा केला नव्हता.

"ओरडली का नाहीस?"

हा प्रश्न आत्याने विचारला, पुढे पोलीस ठाण्यात विचारला गेला, आणि तिने स्वतःलाही शेकडो वेळा विचारला. म्हणून इथे जरा थांबते, कारण या एका प्रश्नावर महाराष्ट्रात फार मोठी लढाई झालेली आहे आणि ती आपल्याच घरांत कुणाला आठवत नाही.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. सत्र न्यायालयाने त्यांना सोडलं, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिलं. कारणांतलं एक मोठं कारण: तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, म्हणजे तिने प्रतिकार केला नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक असतो, हा त्यांचा मुद्दा होता. १९८० मध्ये मुंबईत बायका बलात्कारविरोधी मंच म्हणून एकत्र आल्या, त्या वर्षीच्या ८ मार्चला रस्त्यावर उतरल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला: कोठडीतल्या बलात्कारात संबंध सिद्ध झाला आणि बाई संमती नव्हती म्हणाली, तर न्यायालयाने संमती नव्हती असंच धरायचं.

पण कोठडीबाहेरच्या बाईसाठी स्पष्ट शब्द यायला २०१३ उजाडलं. तेव्हा कायद्यात संमतीची व्याख्या आली आणि आता ती न्याय संहितेच्या कलम ६३ मध्ये तशीच आहे. संमती म्हणजे निःसंदिग्ध, स्वेच्छेने दिलेली तयारी. शब्दांनी, खुणेने, कशीही दिलेली, पण त्या विशिष्ट कृतीसाठी. आणि त्याखाली एक ओळ आहे, जी मला वाटतं प्रत्येक घरात मोठ्याने वाचून दाखवावी: बाईने शारीरिक प्रतिकार केला नाही, एवढ्यावरून तिची संमती होती असं समजता येणार नाही.

मी तिला ती ओळ मराठीत वाचून दाखवली. ती म्हणाली, "परत वाचा." मी परत वाचली. तोपर्यंत तिला वाटत होतं की आपल्या अंगाने आपल्याला दगा दिला. जिवावर बेतलं की काही जण पळतात, काही झुंजतात, आणि पुष्कळांचं शरीर जागच्या जागी गोठतं. ते ठरवून होत नाही. राहवलं नाही हे शब्द कुणाला खऱ्या अर्थाने लागू असतील तर तिला.

ठाण्यात

माझ्याकडे तिला घेऊन आल्या त्या तिच्या ऑफिसातल्या वयाने मोठ्या सहकारी बाई. बस्त्यानंतर ती हिशोबात चुका करायला लागली, तेव्हा त्यांनी ओरडायच्या ऐवजी जेवायच्या सुट्टीत विचारलं, "बरी आहेस का?" अकरा दिवसांत तिला विचारलेला हा पहिला असा प्रश्न, ज्यात आरोप नव्हता.

तक्रार करायचं तिनेच ठरवलं, त्याच दिवशी. मी सुचवलं नव्हतं. घटना भांडुपची असली तरी घराजवळच्या ठाण्यात गुन्हा नोंदवता येतो, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ ने तशी सोय आहे. झिरो एफआयआर म्हणतात तो हा. तरीही पहिला तास "हद्द आमची नाही" यातच गेला. जबाब महिला अधिकाऱ्यानेच घ्यायचा असतो. त्या बंदोबस्तावर होत्या, साडेतीन तासांनी आल्या. तोवर बाकावर बसलेल्या आम्हाला ड्युटीवरचे साहेब समजावत राहिले. आवाज वडीलधारा, रागाचा लवलेश नाही. "लग्न मोडायचं असेल तर सरळ मोडा ना ताई. केस कशाला? पोराचं करिअर आहे." मी विचारलं, "हिचं?" ते म्हणाले, "तेच तर म्हणतोय मी, हिचंही वाटोळं होईल."

महिला अधिकारी आल्या. थकलेल्या होत्या, पण नीट ऐकणाऱ्या. तिने सगळं सांगितलं. साखरपुडा झालाय हे ऐकल्यावर बाईंचा हात सवयीने चालला आणि त्या मोठ्याने उच्चारत टाइप करू लागल्या: "लग्नाचे आमिष दाखवून..."

"आमिष नव्हतं," ती म्हणाली.

बाईंनी वर पाहिलं.

"लग्न ठरलं होतं, खोटं नव्हतं काही. मला कुणी फसवलं नाही. मी नको म्हणाले होते. तेवढंच लिहा."

बाईंनी ओळ खोडली. स्क्रीनवरची अक्षरं एकेक करून मागे जाताना मी बघत होते. रोजच्या पेपरात हजारदा वाचलेली ती ओळ. आमिष, अतिप्रसंग, अब्रू लुटली, आळ आला, डाग लागला: या विषयावर मराठीकडे केवढे शब्द आहेत, आणि त्यांतला एकही तिने नको म्हटलं एवढी साधी गोष्ट सांगत नाही. आमिष म्हणजे मासा गळाला लागला, मासाही थोडा हावरटच होता. फसवणुकीच्या प्रकरणांसाठी न्याय संहितेत वेगळं कलम ६९ आहे, ते वेगळ्या घटनेचं आहे. इथे घटना बलात्काराची होती आणि तिला तिच्या नावाने हाक मारायची हिंमत त्या खोलीत सगळ्यात आधी त्या मुलीने केली.

तक्रारीला अकरा दिवस उशीर झाला हेही पुन्हा पुन्हा काढलं गेलं. घराच्या प्रतिष्ठेचा विचार करत कुटुंबं वेळ घेतात आणि त्या उशिरावरून तक्रार खोटी ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच गुरमीत सिंग खटल्यात सांगितलं आहे. तिचे अकरा दिवस कुठे गेले ते वर लिहिलंच आहे. २३ प्रश्नांना उत्तरं देण्यात गेले.

खोट्या तक्रारी होतच नाहीत असं मी म्हणणार नाही. इतक्या वर्षांत माझ्यासमोरही एक-दोन आल्या आहेत. तपास त्यासाठीच असतो. पण चोरीची तक्रार द्यायला आलेल्याला कुणी आधी विचारत नाही की खोटं तर बोलत नाहीस ना. हा मान फक्त या एका गुन्ह्यात मिळतो.

रुग्णालयाचं थोडक्यात सांगते, कारण तिथे आमचं नशीब बरं होतं. अकरा दिवसांनी शरीरावरचा पुरावा मिळण्याची आशा जवळजवळ नसते. गर्भ राहू नये म्हणूनच्या आणि एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्यांची ७२ तासांची मुदतही उलटून गेलेली. पण तपासणी आणि उपचार मोफत देणं प्रत्येक रुग्णालयावर बंधनकारक आहे, खासगीवरही, आणि तरुण डॉक्टर मुलीने प्रत्येक टप्प्यावर आधी विचारलं: आता रक्त घेऊ का, आता पोट तपासू का, थांबायचंय का. बाईला आधी संबंधांची सवय होती का हे बघणारी दोन बोटांची अपमानकारक चाचणी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये चुकीची ठरवली आणि २०२२ मध्ये पुन्हा बजावलं की ती करणारा गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. मुंबईत महापालिकेच्या वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० च्या सुमारास 'सेहत' संस्थेबरोबर हिंसा सोसलेल्या बायकांसाठी 'दिलासा' केंद्र सुरू झालं. रुग्णालयातल्या माणसांना अशा बायकांशी बोलायला शिकवण्याचं जे काम तेव्हापासून झालं, त्याचं फळ अशा डॉक्टरांत दिसतं. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "ती किती वेळा विचारत होती." तिला त्याचंच नवल वाटत होतं.

होकार

आपल्याकडे लग्नाच्या बोलण्यात होकार हा फार मोठा शब्द. "मुलीकडून होकार आला." पोहे झाले, दोघं गच्चीवर दहा मिनिटं बोलली, दोन दिवसांनी मावशीने फोन करून होकार कळवला. तो तिने दिला होता, मनापासून दिला होता. पण घरातल्या प्रत्येकाच्या बोलण्यामागे एकच समज होती: होकार एकदाच विचारायचा असतो, मोठ्यांनी मोठ्यांना कळवायचा असतो, आणि कळवला की त्यात पुढचं सगळं आलं. पडद्याचा रंग तिला विचारतील. शालूचा रंग विचारतील. अंगाचं मात्र एकदाच काय ते ठरलं.

ही समज मुंबईच्याच न्यायालयात जवळजवळ एकशे चाळीस वर्षांपूर्वी एका मराठी मुलीने आव्हानाला लावली होती. रखमाबाईंचं लग्न अकराव्या वर्षी लावून दिलेलं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे जायला नकार दिला, नवऱ्याने १८८४ मध्ये दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलानंतर १८८७ मध्ये आदेश झाला: नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. त्या म्हणाल्या, तुरुंगात जाईन. टिळकांच्या वृत्तपत्रांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठवली होती. १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या लंडनला गेल्या आणि डॉक्टर होऊन परतल्या. मोठ्यांनी दिलेला होकार माझ्या अंगाला बांधील नाही, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांच्या म्हणण्याचा अर्धा भाग अजून कायद्यात यायचा आहे. कलम ६३ मध्ये अपवाद आहे: पत्नी १८ वर्षांवरची असेल तर नवऱ्याने केलेली बळजबरी बलात्कार ठरत नाही. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं या अपवादावर एकमत झालं नाही, प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्यात लैंगिक छळ येतो, पण त्यातून संरक्षणाचा आदेश मिळतो, बलात्काराची शिक्षा होत नाही. साखरपुडा म्हणजे लग्न नव्हे, त्यामुळे भांडुपच्या घटनेला हा अपवाद लागत नाही. आता काकांचं वाक्य परत वाचा: मार्गशीर्षातच उरकून टाकू. त्यांना काहीच माहीत नव्हतं, पण प्रेमाने, काळजीने, मुहूर्त बघून ते पुतणीला नेमक्या त्या दाराच्या आत ढकलत होते जिथे कायदा बाहेर थांबतो. झालेला गुन्हा लग्नाने पुसला गेला नसता. पण त्यानंतरच्या प्रत्येक रात्रीला तिच्यासाठी हा शब्द उरला नसता. हे मी काकांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

मुलाची आई

गुन्हा नोंदवल्यावर मुलाला अटक झाली. काही आठवड्यांनी जामीन झाला. त्यानंतर एके दुपारी त्याची आई माझ्याकडे आली. त्यांना आत घेण्याआधी मी मुलीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, ऐकून घ्या, मला नंतर सांगा.

बाई म्हणाल्या, "आम्ही अजूनही लग्नाला तयार आहोत." हे त्या मोठेपणाने बोलल्या, देणं देत असल्यासारखं. मी त्यांना सांगितलं की हा गुन्हा आपसात मिटवता येत नाही. २०२० मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने एका विनयभंगाच्या खटल्यात आरोपीने पीडितेकडून राखी बांधून घ्यावी अशी अट घालून जामीन दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये ती अट रद्द केली आणि खालच्या न्यायालयांना बजावलं की तडजोड किंवा लग्न असे उपाय सुचवायचेसुद्धा नाहीत. त्यांनी विचारलं, शिक्षा किती असते. मी सांगितलं, सिद्ध झालं तर किमान दहा वर्षं.

त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं. मग म्हणाल्या, "बहिणीच्या खोलीत जाताना दार वाजवायला शिकवलंय हो मी त्याला. ताट उचलायला शिकवलं. बायकांशी वरच्या आवाजात बोलायचं नाही हे शिकवलं. हे वेगळं शिकवावं लागतं हे मला कुठे माहीत होतं?"

मी विचारलं, "त्याच्याशी बोललात का या विषयावर? काय झालं, तिने काय म्हटलं होतं, हे विचारलंत?"

"आई कसं विचारणार?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं की मीसुद्धा तेच करते आहे. समोर बाई बसलेली, आणि मी तिला जाब विचारते आहे. मुलाचे वडील खाली गाडीत बसून होते. जिना चढून वर या असं मी त्यांना म्हटलं नाही, माझ्या मनातही आलं नाही. इतक्या वर्षांच्या कामात मुलाच्या वाढीचा हिशोब मी बहुतेक वेळा आयांकडेच मागितला, हे त्या दुपारी मला पहिल्यांदा दिसलं. ही माझी चूक आहे आणि ती अजून दुरुस्त व्हायची आहे. मुलग्यांशी बोलायचं तर ते बापाने, काकाने, मंडळातल्या दादाने बोललं पाहिजे, ज्यांच्यासारखं व्हावं असं त्यांना वाटतं त्यांनी. तिला हवंय का हे कसं विचारायचं, नको म्हटल्यावर हात कसा मागे घ्यायचा, आणि मागे घेतल्याने आपण कमी होत नाही, हे कुठल्या बापाने मुलाला समोर बसवून सांगितलंय? निर्व्यसनी असण्याची अपेक्षा आपण बायोडेटात लिहितो, कारण ती मुलाने पाळायची असते हे सगळ्यांना मान्य आहे. तेवढं मान्य व्हायला हवं हेही.

सध्या

तपास कायद्याच्या दोन महिन्यांच्या मुदतीत पूर्ण होऊन आरोपपत्र दाखल झालं. कुर्ल्याच्या आतला तो मेसेज, आवश्यक त्या प्रमाणपत्रासह, पुराव्यात आहे. बचाव पक्ष त्यावर म्हणेल की राहवलं नाही म्हणजे दोघांनाही. म्हणू दे. खटला अजून उभा राहायचा आहे, लागेल तितका काळ लागेल. ती परत कामावर रुजू झाली, अजून भांडुपच्या पुढे जायची वेळ आली तर स्लो लोकल सोडून फास्ट पकडते.

साखरपुड्याची साडी, अंगठी, आहेर परत करायला वडील स्वतः मुलुंडला गेले. भावाला नेलं नाही. दारात सामान ठेवलं, यादीवर सही घेतली. मुलाच्या वडिलांना त्यांनी एकच विचारलं, तिथल्या तिथे, जिन्यात, शेजारची दारं उघडी असताना: "तिने नको म्हटलं होतं हे त्याने तुम्हाला सांगितलंय का?" उत्तर आलं नाही. वहीत मी हा प्रश्न वेगळ्या पानावर लिहिला आहे. मुलाच्या बाजूला विचारला गेलेला पहिला.

गेल्या महिन्यात मी लालबागला त्यांच्या घरी गेले होते. आत्या आली होती. चहा झाल्यावर तिने आवाज खाली करून भावाला विचारलं, "दादा, माझ्या नणंदेच्या ओळखीत एक स्थळ आहे. चांगली माणसं आहेत. त्यांना हे आधीच सांगायचं, की नाही सांगायचं?"

वडील म्हणाले, "मला काय विचारतेस? तिला विचार. स्थळ बघायचंय का, तेही तिलाच."

ती आतल्या खोलीत लॅपटॉप उघडून बसली होती. आत्या उठली, पदर सावरला, आणि लोटलेल्या दारावर दोनदा बोटं वाजवून थांबली.